काका बोट बघायला जातात

आमच्या हिच्या मावशीचे यजमान, म्हणजे माझे मावससासरे, हे समस्त ग्रेट ब्रिटनमधले सर्वांत चौकस गृहस्थ आहेत, असं मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. चौकस माणसं मी कमी पाहिलेली नाहीत. माझं लहानपण पुण्यात गेलं. तिथे जिना चढून घरात शिरेपर्यंत परीक्षा, पगार आणि पित्ताचा त्रास या सगळ्या विषयांवर शेजाऱ्यांपुढे जबाब द्यावा लागे. पण त्या चौकशीला संशयाचा वास असतो. काकांची चौकशी निर्मळ असते. त्यांना माणसाचा पगार नको असतो, वय नको असतं, आडनाव तर बिलकूल नको असतं. समोरची वस्तू, मग ती खुर्ची असो, टोस्टर असो किंवा ट्रेनमधल्या शेजाऱ्याच्या मांडीवरचा पोपटाचा पिंजरा असो, इथवर कशी येऊन पोचली एवढंच त्यांना हवं असतं. ते कळेपर्यंत त्यांना चैन पडत नाही, आणि बरोबर आलेल्या माणसाला घरी जाता येत नाही. बरोबर आलेला माणूस बहुतेक वेळा मी असतो. मी मिल्टन कीन्सला राहतो आणि काका पिनरला, म्हणजे मध्ये चांगलं अंतर आहे. पण माझी गाडी मोठी आहे आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी माझ्या लग्नातच हेरून ठेवल्या असाव्यात.

नवी वस्तू काका घेतच नाहीत. यात कंजूषपणा नाही. वापरलेल्या वस्तूच्या मागे ते जेवढं पेट्रोल जाळतात तेवढ्यात नवी सहज येईल, असं मावशी कित्येक वर्षं सांगते आहे. पण दुकानातली करकरीत वस्तू त्यांना मुकी वाटते. "नव्या वस्तूला विचारणार काय?" असा त्यांचा सवाल असतो, आणि त्याला उत्तर नाही. त्यांच्या घरातलं जेवणाचं टेबल एका नाच शिकवणाऱ्या बाईंचं आहे, भिंतीवरचं घड्याळ निवृत्त पाद्र्याचं आहे, गवत कापायचं यंत्र तुरुंगात नोकरी केलेल्या एका सद्गृहस्थाचं आहे. पाहुण्याने टेबलावर कोपर टेकलं रे टेकलं की काका बाईंची हकिगत सुरू करतात आणि वरण निवून जातं. एकदा वॉटफर्डला एका आजीबाईंकडे फ्रीझर बघायला म्हणून आम्ही सकाळी गेलो, ते संध्याकाळी परतलो. फ्रीझर गाडीत नव्हता. त्याऐवजी बाईंच्या झाडाची पिशवीभर सफरचंदं होती आणि त्यांच्या दिवंगत यजमानांच्या मासेमारीची इत्थंभूत माहिती होती. फ्रीझर पुढच्या आठवड्यात आणला. तेव्हापासून दर शरद ऋतूत काका त्या बाईंच्या कुंपणाची झाडी छाटायला जातात, आणि फ्रीझर केव्हाच बंद पडला तरी हा क्रम चुकलेला नाही.

त्यांची पद्धत मी कुतूहलाने न्याहाळत आलो आहे. काका वस्तूकडे आधी पाहतच नाहीत. विकणाऱ्याकडे पाहतात आणि अत्यंत सौम्य आवाजात विचारतात, हे तुम्ही का देऊन टाकताय? इंग्रज माणसाचं यावर एक ठरलेलं उत्तर असतं, की आता आम्हाला त्याची गरज उरली नाही. तुमच्याआमच्यासाठी तिथे संभाषण संपतं. काका मात्र दाराची घंटा ऐकल्यासारखे सावध होतात आणि गप्प उभे राहतात. ही गप्प राहण्याची कला मोठी आहे. समोरचा आधी हवेबद्दल बोलतो, मग रस्त्यावरच्या कामाबद्दल बोलतो, आणि काका अजून गप्पच आहेत असं दिसल्यावर एकदम घटस्फोटाबद्दल बोलू लागतो. नोकरीत असताना लोकांनी घरांना काढलेली एक्स्टेन्शन्स तपासण्याचं काम त्यांच्याकडे होतं. भिंतीत ओल का आली हे शोधता शोधता त्या भिंतीमागची माणसंही आपोआप कळत जायची, असं ते सांगतात. मी हा प्रयोग ऑफिसात करून पाहिला. एका सहकाऱ्याला सौम्यपणे प्रश्न विचारून गप्प उभा राहिलो. त्याने मला बरं वाटत नाही का, असं विचारलं आणि पाणी आणून दिलं.

काकांची मुलगी ईलिंगला असते. तिचा जन्म इथलाच, शाळा इथली, लाजही इथली. त्यामुळे वडिलांबरोबर कुठे जायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. "बाबा, असं नाही विचारायचं कुणाला, इट्स रिअली रूड," असं ती ओठ न हलवता पुटपुटते आणि दूर जाऊन फोन बघत उभी राहते. काकांना खरोखरच आश्चर्य वाटतं. त्या माणसाने आपण होऊन सांगितलं की, असं ते म्हणतात, आणि तेही खरंच असतं.

अशा या काकांनी मागच्या वर्षी वसंतात आमच्या फॅमिली ग्रुपवर एका ओळीत जाहीर केलं की, बोट बघतोय. आम्हाला वाटलं, कुठेतरी नदीकाठी उभे असतील आणि बोट दिसली असेल. ही तर लगेच "छान, फोटो टाका" असं लिहून मोकळी झाली. फोटो आला, तो विक्रीच्या जाहिरातीचा होता.

आता बोट का, हे सांगायला हवं. आधीच्या वर्षी मावशी घरातच पडली आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तोवर या कुटुंबात उन्हाळ्यातल्या रविवारी घरी बसणं म्हणजे पाप होतं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंडाचा डबा आणि सतरंजी घेऊन सगळी मंडळी कुठल्यातरी बागेत, किल्ल्यावर नाहीतर समुद्रावर जायची, आणि सगळ्यांच्या पुढे झपझप चालायची ती मावशी. ऑपरेशननंतर तिच्या हातात चाकांचा वॉकर आला आणि तिने बाहेर जाणंच सोडलं. रविवारी डबा भरून द्यायची, दारापर्यंत यायची आणि म्हणायची, "तुम्ही या जाऊन, मला सिरियल बघायचीय." मग नातवंडंही कुरकुरायला लागली, मुलीला कामं निघायला लागली, आणि रविवार ओस पडले. गंमत अशी, की वॉटफर्डच्या बाईंच्या यजमानांनी किती वजनाचा मासा पकडला हे ज्यांना ठाऊक, त्या काकांनी मावशीला एकदाही विचारलं नाही की तू का येत नाहीस. सिरियलचं कारण त्यांनी जसंच्या तसं स्वीकारलं. मला वाटतं, त्यांना भीती वाटत होती. ती आता कधीच येणार नाही, असं उत्तर आलं असतं तर पुढे विचारण्यासारखं काही उरलं नसतं.

तेवढ्यात त्यांना टेम्सच्या काठी पॉन्टून बोट दिसली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की दोन लांबलचक बंद नळकांड्यांवर एक सपाट लाकडी जमीन ठेवलेली असते, भोवती कठडा, वर कापडी छत आणि आत कोचासारख्या बैठका. कुणाच्यातरी घराची गॅलरी सुटून पाण्यात निघाल्यासारखी दिसते. काकांना दिसलेल्या बोटीत एक म्हातारे गृहस्थ चाकाच्या खुर्चीत बसून चहा पीत होते आणि त्यांच्याभोवती सगळं गणगोत गप्पा मारत होतं. काका काठाकाठाने त्या बोटीबरोबर चालत राहिले आणि चालता चालता प्रश्न विचारत राहिले: खुर्ची आत कशी चढवली, बोट हलते का, आजोबांना आवडतं का. बोटीतल्या लोकांनीही बिचाऱ्यांनी ओरडून ओरडून उत्तरं दिली. पुढे कुंपण आडवं आलं म्हणून मुलाखत थांबली.

शोधाअंती दोन वापरलेल्या बोटी नक्की झाल्या आणि माझी गाडी कामाला लागली. पहिली बोट मेडनहेडच्या पुढे टेम्सवर होती. मावशी नाही म्हणत होती, पण गाडीतून उतरायची सक्ती करणार नाही या अटीवर आली. गाडी उभी करायची जागा आणि नदी यांच्यामध्ये एक भलंमोठं ओलं कुरण होतं. मावशीने काचेतून ते पाहिलं आणि थर्मासचं झाकण उघडलं. आम्ही पुढे गेलो. बोट म्हणजे राजेशाही प्रकरण होतं. निम्मं वऱ्हाड मावेल एवढी ऐसपैस, पांढऱ्याशुभ्र गाद्या, दणदणीत इंजिन आणि कोपऱ्याकोपऱ्यात स्पीकर. काकांची नात तर आत पाय ठेवताच तिथली झाली. मालक स्वयंपाकघरं बसवून देणारा तरतरीत तरुण होता. त्याने आम्हाला एक फेरी मारून आणली, तीत माझी टोपी गेली. मग काकांनी त्याला तो प्रश्न विचारला आणि गप्प उभे राहिले. आता आम्हाला वेळ होत नाही, असं तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला की, मुलं मोठी झाली. आणखी थोड्या वेळाने तो कठड्याला टेकून सांगू लागला की, मुलं यायची, पण कानात काहीतरी घालून बसायची, आणि इंजिनच्या आवाजात बायकोचंही ऐकू यायचं नाही, म्हणून कुणी बोलायचंच बंद झालं. परतताना त्याने काकांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला होता.

दुसरी बोट सेंट निओट्सजवळ, ग्रेट ऊझ नदीवर होती. पहिलीच्या मानाने ही गरीब नातेवाईक. छताचं कापड विटलेलं, गाद्यांना ठिगळं, आणि मागे विजेची एवढीशी मोटर. मालकीणबाई शाळेत संगीत शिकवायच्या, आता निवृत्त होऊन भाचीकडे स्कॉटलंडला निघाल्या होत्या. बोट त्यांच्या भावाची. भाऊ तीतून पाखरं बघत हिंडायचा, आणि पाखरं उडू नयेत म्हणून त्याने मुद्दाम आवाज न करणारी मोटर बसवली होती. भाऊ गेला, आता बाईही निघाल्या. एवढी सामग्री मिळाल्यावर काकांना काय हवं! त्या भावाच्या आवडत्या पाखरापासून त्याच्या चहातल्या साखरेपर्यंत सगळं विचारून झालं. नात मात्र वैतागली होती. "आजोबा, हा बोट खूप स्लो आहे," तिने निकाल दिला. तिच्या आईने "ही बोट" अशी दुरुस्ती करून निकाल कायम केला.

काकांचा जीव इथेच टांगणीला लागला होता. आदल्या आठवड्यात त्यांनी फोनवर मला आपलं दुखणं सांगितलं होतं. "जावईबापू, ती मोठी घेतली तर मुलं येतील, पण आमची ही येईल का? आणि ही छोटी घेतली तर मुलं येतील का? बोटीत एकटं बसून मी काय करू?" बोटीचं निमित्त होतं, त्यांना सगळी माणसं एका जागी हवी होती आणि दोन्ही बोटींत मिळून एक नीट बोट तयार होत नव्हती. मी सल्ला द्यायला गेलो, पण त्यांना सल्ला नको होता. आणखी माहिती हवी होती.

तर आम्ही सगळे धक्क्यावर पालथे पडलो होतो. बोटीच्या नळकांड्यात पाणी शिरलेलं असलं तर ठोकल्यावर आवाज बद्द येतो, असं काकांना कुणीतरी सांगितलं होतं. ते खाली वाकून ठोकत होते, मी कान लावून होतो, मुलगी त्यांचा शर्ट धरून होती, आणि बाईही चौकशीची लागण होऊन गुडघ्यांवर बसल्या होत्या. इथे गाडी थेट धक्क्यापाशी येत होती. मावशी गाडीत बसली आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. उठून उभे राहिलो तर मावशी बोटीत होती. वॉकर ढकलत ती धक्क्यावरून सरळ आत गेली होती. धक्का आणि बोट एका पातळीत असल्यामुळे तिला पायरी लागलीच नाही. ती पुढच्या बैठकीवर पदर सारखा करून बसली होती, आणि समोरच्या कठड्यावर कुंकवाचं ठसठशीत बोट उमटलं होतं.

मराठी बाईच्या पर्समध्ये कुंकवाची चिमुकली डबी असते आणि नव्या वाहनात पहिल्यांदा बसताना तिचा हात आपोआप तिकडे जातो, यात नवल नाही. माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा तिचा डाग मी अजून पुसलेला नाही. पण माझी गाडी माझी होती. ही बोट अजून संगीताच्या बाईंची होती.

"अगं, अजून ठरलं नाहीये आपलं," काका म्हणाले.

"हात गेला हो," मावशी म्हणाली. मग तिने कठड्याकडे पाहिलं आणि जरा विचार करून म्हणाली, "आता लावलंय तर लावलंय. आपली म्हणूनच लावलं ना मी?"

बोट बघण्याच्या कार्यक्रमात काकांनी वजन, वेग, बॅटरी, परवाना, भूतपूर्व मालकांचा स्वभाव असं सगळं गोळा केलं होतं, आणि ते सगळं त्या लाल बोटाखाली दबून गेलं. मालकीणबाईंनी ते लाल काय आहे असं विचारलं. काकांनी सविस्तर समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या बाजूच्या कठड्यालाही लावायचं असतं का, असं विचारलं. मावशीने पलीकडेही लावलं आणि व्यवहार पुरा झाला.

पहिल्या रविवारी सगळे आले, हे कबूल करायला हवं. बोटीसाठी नसेल, पण मावशी निघाली आहे हे कळल्यावर कुणाला घरी बसवेना. हवा इंग्लंडच्या मानाने मेहेरबान होती. काका सुकाणूवर, मावशी त्यांच्या पुढच्या बैठकीवर तोंड नदीकडे करून, बाकीचे भोवताली. बोट निघाली की नाही, हे काठावरच्या झाडांकडे बघून ठरवावं लागत होतं. एक कुत्रा फिरवणारा माणूस आमच्या मागून आला आणि हात हलवून पुढे निघून गेला. बदकंही पुढे गेली. नात थोडा वेळ फोनमध्ये होती, मग रेंज गेली म्हणून आजीला पुरीत श्रीखंड भरून द्यायला लागली. मावशी सारखी बोलत होती; तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मी विसरलोच होतो. मोटरचा आवाज नसल्याने शेवटच्या बैठकीवरचं बोलणंही पहिल्या बैठकीला ऐकू येत होतं.

एका वळणावर सगळे पुऱ्यांत गुंतलेले असताना काकांनी समोर बघत, सुकाणूवरचा हात न काढता विचारलं, "इतके दिवस का येत नव्हतीस गं?"

मावशीने मागे वळून पाहिलं नाही. "तुम्ही सगळे थांबता ना माझ्यासाठी," ती म्हणाली. "जरा पुढे जाता, मग वळून बघता, मग हसून उभे राहता. ते नाही मला बघवत. इथे कुणी पुढे जातच नाही."

काका गप्प राहिले. ते गप्प राहणं त्यांच्या नेहमीच्या कलेतलं नव्हतं. माझ्या हातातली पुरी हातातच राहिली. आम्ही सगळ्यांनीच तिच्यासाठी थांबण्यात केवढा चांगुलपणा मानला होता, आणि तो तिला दर वेळी बोचत होता. आम्हाला सुचलं नव्हतं आणि काकांनी विचारलं नव्हतं.

यंदाचा हा दुसरा उन्हाळा. मुलं दर रविवारी येतातच असं नाही. नातीला परीक्षा आहेत, आम्हाला आमच्या कटकटी आहेत. पण महिन्याकाठी एकदा तरी सगळे जमतात. संध्याकाळी बोट धक्क्याला लागली की पोरं उड्या मारून गाडीकडे धावतात, मी रिकामे डबे उचलतो, ही सतरंजी उचलते, आणि काका दोरी बांधायला बसतात. ती गाठ मला त्यांनीच शिकवली आहे, चुटकीसरशी बसते. काका ती बांधतात, सोडतात, नाक मुरडून पाहतात आणि पुन्हा बांधतात. तोवर मावशी कठडा धरून उठते, वॉकर जुळवते, एकेक पाऊल टाकत धक्क्यावर येते, दम घेते, पदर सारखा करते, आणि मग दोरीपाशी बसलेल्या नवऱ्याकडे बघून वैतागाने म्हणते, "अहो, आटपा की. सगळे खोळंबलेत तुमच्यासाठी." काका मान खाली घालून "आलो, आलो" म्हणतात. या वर्षी त्यांना दोरी बांधायला गेल्या वर्षीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो.